फ्लिकर आहे, काकू

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या टोकाकडे राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना तीन इंग्रजी अक्षरं पाठ झाली: जीबीएस. किरकटवाडी, नांदेड, धायरी, खडकवासला या पट्ट्यात जुलाब-उलट्या होऊन गेलेली माणसं आठवड्याभराने पाय ओढत दवाखान्यात येऊ लागली. पेपरातला आकडा रोज वाढत होता, पुढे तो दोनशेच्या वर गेला. सोसायटीच्या ग्रुपवर पाणी उकळण्याच्या सूचना आणि टँकरच्या वेळा यांची सरमिसळ चाललेली. मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. आकड्यांची धास्ती मला सहसा वाटत नाही.

मग माझ्याच तळपायांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी डाव्या पायातली चप्पल मागे राहिली आणि मी तशीच चार पावलं पुढे गेले. संध्याकाळी जिना चढवेना. यांनी रिक्षाची वाट न बघता शेजाऱ्यांना गाडी काढायला लावली, ते शहाणपणाचं झालं. कारण रात्रीपर्यंत हातातून पेला सुटू लागला होता आणि पुढे लवकरच श्वास अपुरा पडायला लागला. घशात नळी गेली, व्हेंटिलेटर सुरू झाला.

या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था जंतूशी लढता लढता स्वतःच्याच नसांवर उलटते. कॅम्पिलोबॅक्टर नावाच्या जंतूच्या अंगावरचे काही रेणू आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे असतात, त्यातून ही गफलत होते. वायरवरचं प्लास्टिक सोललं जावं तसं नसांवरचं आवरण जातं आणि मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचत नाही. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, फ्रेंच सैन्यातल्या दोन जवानांवरून गियाँ, बारे आणि स्ट्रोल या तीन डॉक्टरांनी याचं वर्णन प्रसिद्ध केलं. आजाराला नाव मिळालं पहिल्या दोघांचं: गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. स्ट्रोलने प्रतिक्षिप्त क्रियांच्या नोंदी उपकरणांनी घेतल्या होत्या, तो गळला. काम करून नावातून गळणाऱ्या माणसांकडे हल्ली माझं जरा जास्तच लक्ष जातं, म्हणून हे सांगितलं.

आयसीयूतले बरेचसे पेशंट गुंगीत असतात. या आजारात शुद्ध जात नाही. पापण्या आणि डोळे सोडून काही हलत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. बेडपाशी उभं राहून कोण काय बोलतं, कोण कुणाच्या रजेवरून कुरकुरतं, कुठल्या मशीनचा आवाज आला की सिस्टर धावतात आणि कुठल्या आवाजाकडे बघतही नाहीत, हे सगळं मला पाठ झालं. हात हलत नसले तरी दुखत होते. चादरीचा स्पर्शसुद्धा सहन व्हायचा नाही. माझ्याशी बोलणारी माणसं त्या दिवसांत दोन प्रकारची होती. एक, माझ्याबद्दल माझ्या डोक्यावरून बोलणारी. दुसरी, मला सांगून मग हात लावणारी. दुसऱ्या प्रकारातली पहिली म्हणजे फिजिओ.

पंचविशीची, बीडकडची मुलगी. नळी घातली त्याच्या दुसऱ्याच सकाळी ती आली. ॲप्रनच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. माझ्या डोळ्यांसमोर येऊन, वाकून म्हणाली, “काकू, मी तुमचा उजवा पाय उचलायलेय बरं का. दुखलं तर डोळे मिटा.” मग घोटा, गुडघा, खुबा, एकेक बोट. एका हाताने सांध्याच्या वर आधार, दुसऱ्याने हळू फिरवणं. प्रत्येक सांधा ती त्याच्या नावाने मला सांगत होती. डोळे मिटले की थांबायची, कोन थोडा कमी करायची आणि पुन्हा सुरू.

यांना ते बघवेना. “अहो मॅडम, तिला जरा आराम करू द्या ना. एवढी आजारी आहे.”

“काका, आराम तर सगळीकडून चालूच आहे,” ती म्हणाली. “उद्या नसा बऱ्या झाल्या आणि सांधेच आखडलेले असले, तर काय करायचं?”

त्या एका वाक्यात तिने मला माझ्या आजाराचं सगळं वेळापत्रक सांगितलं. वजनाच्या हिशेबाने पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिनच्या बाटल्या चढल्या. महागडं औषध, आणि त्याचं काम हल्ला आवरण्याचं. नसा भरून येणार आपल्या चालीने. जिथे नसेचा आतला तंतूच तुटतो तिथे तो दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. कमरेपासून तळपायापर्यंतचं अंतर मोजा आणि त्याला भागा. तोपर्यंत हे शरीर वापरण्याजोगं कुणीतरी राखून ठेवावं लागतं. खांदा निखळू द्यायचा नाही, टाच सडू द्यायची नाही, पाऊल खाली लोंबकळून तसंच आखडू द्यायचं नाही, छातीत कफ साठू द्यायचा नाही. कुठल्याही तपासणीत दिसणार नाही असं हे काम आहे. नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि तेच त्याचं यश.

तिने माझ्या उशामागच्या भिंतीवर मोठ्या मराठी अक्षरांत कागद चिकटवला: ‘पेशंटला काखेत हात घालून ओढू नये.’ लुळ्या खांद्याला सांध्यात धरून ठेवणारे स्नायूच काम करत नसतात. घाईत वर सरकवताना एकदा ओढ बसली की पुढे कित्येक महिने दुखणं. सिस्टरांनी कागद वाचला, पण तो खऱ्या अर्थाने पाळला मामांनी. पुण्या-मुंबईच्या हॉस्पिटलांत वॉर्डबॉयला मामा आणि आयाबाईंना मावशी म्हणतात, ते नातं बरेचदा हाकेपुरतंच असतं. हे मामा पन्नाशीचे. दर दोन तासांनी कूस बदलायची वेळ झाली की चादरीच्या चार कोपऱ्यांना माणसं उभी करायचे आणि स्वतः माझ्या खांद्याखाली तळहात पसरून “एक, दोन, तीन” म्हणायचे. रात्री तीनलाही तसंच. कुणी नवा मुलगा घाईने काखेत हात घालायला गेला की नुसतं भिंतीकडे बोट दाखवायचे.

पाऊल काटकोनात ठेवण्याचा प्रश्न होता. तयार स्प्लिंट मापाचा मिळेपर्यंत तिने यांना विचारलं, घरी उंच घोट्याचे बूट आहेत का. मुलाचे जुने बास्केटबॉलचे बूट होते, माझ्या पायापेक्षा दोन मापं मोठे. त्यांत कापूस भरला, पुढून जागा मोकळी ठेवली आणि मी आयसीयूत लालभडक बूट घालून झोपू लागले. दोन तास घालायचे, दोन तास काढायचे, काढल्यावर टाच लाल झाली आहे का ते बघायचं. राउंडला आलेले मोठे डॉक्टर हसले. ती हसली नाही. घड्याळ बघून बूट काढायला लागली.

बोलणं हा वेगळाच खेळ होता. तिने एका पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहून आणली, ओळीने, वर्गवार. आपली वर्णमाला या कामासाठी फारच सोयीची आहे. आधी ओळ विचारायची: क-ची? च-ची? ट-ची? ओळ आली की मी डोळे वर करायचे, मग त्या ओळीतली अक्षरं. हे बरेच भावुक झाले होते. इतक्या दिवसांनी बायको काय बोलते, ती मुलांसाठी काही सांगते की काय, म्हणून चष्मा पुसून बसले. मी ट सांगितलं, काना सांगितला, च सांगितलं. “टाचणी? टाचणी टोचतेय का कुठे?” म्हणून ते अंथरूण चाचपू लागले. मला टाच म्हणायचं होतं. टाचेखाली चादरीची सुरकुती आली होती.

पलीकडच्या बेडवर सत्तरीचे एक आजोबा होते. त्यांना न्यूमोनिया, व्हेंटिलेटर, झोपेची औषधं. माझ्या नसांना आजार होता म्हणून मी लुळी, हे समजण्यासारखं. आजोबांचा आजार फुप्फुसांचा. पण गुंगी उतरली तेव्हा त्यांना कपाळावर बसलेली माशी हाकलायला हात उचलवेना. मुलगा घाबरून सिस्टरांना विचारत होता, बाबांना पॅरॅलिसिस झाला का? फिजिओने त्याला बाजूला घेऊन समजावलं. मोठ्या आजारात पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू भराभर झिजतात, नसाही दुबळ्या होतात. आठवड्याहून जास्त व्हेंटिलेटरवर राहिलेल्यांत साधारण चौघांत एकाची ही गत होते. “म्हणून मी आल्यावर ‘नंतर या’ म्हणू नका,” असं ती म्हणाली. मुलगा आधी रोज तेच म्हणत होता.

घरी परतल्यावर वाचायला वेळच वेळ होता आणि आकडे दिसले की थांबायची माझी खोड आहे. लंडनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अतिगंभीर रुग्णांच्या मांडीच्या स्नायूची सोनोग्राफी करून मोजमाप छापलं: दहा दिवसांत तो सरासरी १७.७ टक्क्यांनी आक्रसला होता. टोरांटोच्या डॉ. मार्गारेट हेरिज यांनी फुप्फुसं निकामी होऊन वाचलेल्या १०९ जणांचा वर्षभर पाठपुरावा केला, तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. फुप्फुसं बरीचशी सुधारली होती, पण अंगात ताकद नव्हती. वर्षाअखेर कामावर परतलेले जेमतेम निम्मे. माणूस वाचला एवढ्यावर पूर्वी आयसीयूचं खातं बंद होत असे. वाचलेला माणूस घरी जाऊन आंघोळीला बसू शकतो का, हे ठळकपणे विचारलं जाऊ लागलं ते या शतकात.

आणि मग काही धीट माणसांनी व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला उठवून बसवायला घेतलं. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या एका रुग्णालयातल्या पॉली बेली या नर्सने आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अनुभव छापला: शंभरावर रुग्ण, बसणं-उठणं-चालणं धरून चौदाशेहून जास्त प्रसंग, अपाय एक टक्क्याहूनही कमी वेळा. तोंडात नळी असताना माणसं वॉर्डात चालली होती. दोन वर्षांनी शिकागो आणि आयोवाच्या डॉक्टरांनी १०४ रुग्णांची रीतसर चाचणी केली. ज्यांना रोज थोडा वेळ गुंगी थांबवून पहिल्या दिवसांपासून व्यायाम दिला, त्यांतले ५९ टक्के घरी जाताना स्वतःचं स्वतः करू शकत होते. नेहमीच्या पद्धतीने ठेवलेल्यांत ३५ टक्के. भ्रम होण्याचे दिवसही निम्म्यावर आले.

हे वाचून उत्साहाने कुणाला तरी फोन करावा असं वाटत असतानाच २०२२चा आकडा हाती आला. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने झालेल्या साडेसातशे रुग्णांच्या चाचणीत जास्त जोमाने, जास्त वेळ हालचाल करवलेल्यांना नेहमीच्या फिजिओथेरपीपेक्षा फायदा दिसला नाही, उलट हृदयाचे ठोके बिघडणं, रक्तदाब कोसळणं असे त्रास जास्त झाले. काहीजण यावरून म्हणतात की मग पडू द्या पेशंटला. त्यांनी ती चाचणी नीट वाचलेली नसते. तिथल्या ‘नेहमीच्या’ गटालाही उठवत-बसवत होतेच. पडू दिलेलं कुणी नव्हतं. मला त्यातून माझ्या फिजिओचं एक वागणं उमगलं, ते म्हणजे तिचं ‘आज एवढंच’.

मला बेडच्या कडेला पहिल्यांदा बसवलं तेव्हा चार माणसं लागली. गळ्याला आता ट्रॅकिओस्टॉमी होती. एक सिस्टर फक्त ती नळी सांभाळायला, मामा पाठीमागे गुडघे टेकून, एक शिकाऊ मुलगा पायांशी, आणि ती समोर, माझ्या डोळ्यांच्या पातळीवर, एक नजर माझ्यावर आणि एक मॉनिटरवर. मान सावरेना. खिडकी दिसली, खिडकीत एक कबुतर होतं, मग सगळं काळं व्हायला लागलं. या आजारात रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही बिघडतात. “आडवं करा. आज एवढंच.” मला आणखी बसायचं होतं. डोळे वर करकरून मी सांगत होते. तिने पाहिलं आणि पुठ्ठा बाजूला ठेवला. सुधारणाऱ्या नसेच्या स्नायूला दमवलं तर तो मागे जातो, हे तिला ठाऊक होतं. पुढे तिरप्या टेबलावर पट्ट्यांनी बांधून मला उभं करू लागले तेव्हाही ती कोन थोडाथोडाच वाढवायची.

त्या पहिल्या बसण्यानंतरच्या एका दुपारी तिने माझ्या मांडीवर बोटं ठेवली. “काकू, गुडघा गादीत दाबा.” हे ती रोज सांगायची आणि रोज काही व्हायचं नाही. मी डोक्यातल्या डोक्यात दाबला. मला काही दिसलं नाही, जाणवलंही नाही. ती म्हणाली, “परत.” मग बोटं थोडी सरकवून, “परत.” मग तिने माझ्याकडे न बघता, आपल्या बोटांकडेच बघत म्हटलं, “फ्लिकर आहे, काकू.”

स्नायूंची ताकद मोजायची शून्य ते पाच अशी ब्रिटिश पट्टी आहे. शून्य म्हणजे काही नाही. स्नायूत नुसती थरथर झाली, सांधा हलला नाही, तरी एक. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलता आलं की तीन. पाच म्हणजे धडधाकट. हातापायांच्या ठरलेल्या हालचालींना दोन्ही बाजूंचे गुण मिळून साठ होतात, अठ्ठेचाळीसच्या खाली अशक्त. माझ्या तक्त्यावर त्या दिवशी एका रकान्यात शून्याच्या जागी एक आला. आयुष्यभर ताळेबंद जुळवले, एवढ्या छोट्या आकड्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. तो मला दिसण्याआधी तिच्या बोटांना लागला, हे मी विसरू शकत नाही.

तिच्या बोटांना हे शिकवलं कुणी, याचाही माग मी काढला. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू गेलेल्या मुलांच्या गळ्यात नळी घालून हवा आत ढकलायची युक्ती बियोर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने काढली. पण यंत्रं नव्हती. सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, हाताने रबरी पिशव्या दाबून त्या मुलांना महिनोन्महिने श्वास दिला. आजचे आयसीयू त्या वॉर्डांतून निघाले. आपल्याकडे त्याच सुमारास मुंबईतही पोलिओ होता आणि त्याच निकडीतून परळच्या केईएम रुग्णालयात देशातलं फिजिओथेरपीचं पहिलं शिक्षण सुरू झालं. म्हणजे आयसीयू आणि आपल्याकडची फिजिओथेरपी एकाच आजाराने दिलेल्या. नंतर एकीला काचेचे दरवाजे मिळाले आणि दुसरी बराच काळ तळमजल्यावरच्या मालिश-शेकाच्या खोलीत राहिली. या व्यवसायाला देशपातळीवर कायद्याची चौकट मिळाली ती २०२१ मध्ये.

व्हेंटिलेटर सुटायला फेब्रुवारी बराच उलटला. आधी दिवसा थोडा वेळ, मग रात्री. छातीवर ती तळहाताची ओंजळ करून थापट्या द्यायची, कफ सुटायचा, सक्शन व्हायचं. तो त्रास मी इथे वर्णन करत नाही. ज्यांनी सोसला त्यांना ठाऊक आहे. नंतर तीन चेंडूंचं ते फुंकणीचं खेळणं आलं. त्यात हवा ओढायची असते, पण सगळे त्याला फुंकणीच म्हणतात. माझा पहिला चेंडू वर गेला तेव्हा मामांनी शेजारच्या आजोबांना ओरडून सांगितलं. आजोबा तेव्हा खुर्चीत बसायला लागले होते. गळ्यातल्या नळीवर बोट ठेवून पहिल्यांदा आवाज आला तेव्हा मी विचारलं, “किती वाजले?” बुटांची वेळ झाली होती.

आता मी चालते. डावं पाऊल अजून थोडं घासतं, बुटात स्प्लिंट घालते, जिना उतरताना कठडा धरते. पतसंस्थेत अर्धा दिवस जाते. माझं नशीब चांगलं. या आजारात पाचांतल्या एकाला सहा महिन्यांनंतरही आधाराशिवाय चालता येत नाही.

हॉस्पिटलचं बिल मी दोनदा वाचलं. त्यात औषधांची पानंच्या पानं आहेत, फिजिओथेरपीची एक ओळ आहे, आणि मामांच्या रात्री तीनच्या तळहातांची ओळ कुठेच नाही. मामा ठेकेदाराकडे आहेत. त्यांना पाकीट द्यायला गेले तर म्हणाले, “पैसे नको, ताई. तेवढा कागद भिंतीवर राहू द्या म्हणून साहेबांना सांगा. साफसफाईवाले काढून टाकतात.” मी लेखी अर्ज दिला. फिजिओ आता लातूरला असते, तिथल्या रुग्णालयात. कामावर रुजू झाल्याचं कळवायला तिला फोन केला, आभाराचं एक वाक्य जुळवून ठेवलं होतं. तिने ते अर्ध्यात तोडलं. “काकू, डावा घोटा किती वर यायलाय आता?” मी सांगितलं. “मग अजून सोडू नका,” म्हणाली आणि पेशंट आला म्हणून फोन ठेवला.

तिची परतफेड तिला करता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. तुमचं माणूस आयसीयूत असेल तर डॉक्टरांना औषधांबरोबर आणखी एक विचारा: फिजिओथेरपी सुरू केली का, आणि नसेल तर कशासाठी थांबलो आहोत. थांबण्याला खरं कारण असू शकतं. ते समजून घ्या. फिजिओ येईल त्या वेळेला भेटायला जा, कुठला सांधा कसा फिरवायचा ते तिच्याकडून शिका आणि तिने सांगितलं तेवढंच करा. पेशंटचा चष्मा, ऐकण्याचं यंत्र आणि बूट घरी कपाटात ठेवू नका, तिथे घेऊन जा. ‘त्यांना पडू द्या’ हे वाक्य तेवढं बोलू नका. आणि निघताना पेढ्यांचा पुडा डॉक्टरांच्या केबिनमध्ये ठेवून तसेच गाडीत बसू नका. मामा कुठे आहेत ते विचारा.